जागो

आमच्या खोलीत मॅट्रिक झालेला गुणाजी हा पहिला आणि बरीच वर्षं एकटाच. हे मी कुणाला सांगितलं की माणसं विचारतात, मिलमध्ये आठ तास साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवून हा अभ्यास करायचा तरी कधी? मी सांगतो, पहाटे साडेतीनला उठून. मग ती माणसं मान डोलावतात, जिद्दीचा होता हो, म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. मला तिथे थांबता येत नाही. गुणाजी उठायचा हे खरं, पण त्याला उठवायचं कोण हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मला जड गेलं असतं, कारण त्या उत्तरात थोडा मीही येतो आणि माझा तो भाग काही चांगला नाही.

आमची खोली लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. मालवणपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावचा कोणी मिलमध्ये चिकटला की बायकामुलं मागे ठेवून ह्या खोलीत यायचा. खोली गावच्या मंडळाची, माणसं वीस आणि जागा बारा. जागा म्हणजे रात्री वळकटी पसरेल एवढी जमीन आणि डोक्यावरच्या भिंतीत एक खुंटी. ही जागा माणसाच्या नावावर असायची आणि वर्षभर गावी राहिलात की मंडळ ती दुसऱ्याला द्यायचं. मग परत आल्यावर बाहेर गॅलरीत पडायचं आणि कोणाची तरी जागा सुटण्याची वाट बघायची. लग्नाला मुलगी मिळत होती, जागा मिळत नव्हती.

आमच्या मालवणीत जागेला ‘जागो’ म्हणतात, आणि झोपेतून जागा झालेला माणूसही ‘जागो’च. शब्द एकच. ‘जागो झालो?’ असं कोणी दारातून विचारलं तर तो माणूस उठला का विचारतोय की जमीन मोकळी झाली का विचारतोय, हे विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. आमच्या खोलीत दोन्हींचा अर्थ बहुधा एकच असायचा म्हणा. एक जागा झाला की दुसऱ्याला जागा व्हायची.

गुणाजी अंगाने बारीक, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. गावात सातवीपर्यंत शिकला आणि बापाच्या मागोमाग साचेखात्यात लागला. १९५५ च्या जूनमध्ये, वयाची पंचविशी उलटल्यावर, त्याने परळच्या रात्रशाळेत, दोन वर्षांत मॅट्रिकला बसवणाऱ्या वर्गात, नाव घातलं. पहिली पाळी सात ते साडेतीन, मग संध्याकाळी सात ते साडेनऊ शाळा. घरी येऊन जेवेपर्यंत साडेदहा आणि साडेदहाला खोलीतला दिवा बंद, हा मंडळाचा नियम. राहिली पहाट. पहाटे गॅलरीच्या टोकाला, नळापाशी, चाळीचा एक बल्ब जळत असायचा. त्याच्याखाली बसायचं त्याने ठरवलं.

पण उठायचं कसं? त्याने चोरबाजारातून गजराचं घड्याळ आणलं. पहिल्याच पहाटे साडेतीनला ते असं कोकललं की अख्खी खोली ताडकन उठून बसली. झोपेत कोणी वेळ बघतो? पहिल्या पाळीची वेळ झाली असं समजून सात जणांनी आंघोळी उरकल्या. चौघे तर मिलच्या फाटकापर्यंत जाऊन पोचले. तिथल्या पठाण पहारेकऱ्याने हसून परत पाठवल्यावर ते जे तापून आले, त्यांनी घड्याळ गॅलरीतून खाली टाकायचंच बाकी ठेवलं होतं. त्याच रविवारी मंडळाची सभा भरली आणि खोलीत गजर वाजवायला बंदी झाली. एकमताने. मतं देणाऱ्यात गुणाजीही होता, कारण तोही बिचारा शरमला होता.

सभा संपल्यावर बुधाजी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘‘मी उठवतंय तुका. आवाज नाय, काय नाय. तू उठलंस की तुझ्या जाग्यार मी पडान.’’

आता बुधाजीबद्दल सांगायलाच हवं आणि ते सांगायचं तर मला थोडं मागे जायला हवं.

बुधाजी आमच्यापेक्षा मोठा, तेव्हा चाळिशीचा. अक्षरओळख नाही, पण हाताला मृदंगाची अशी ओळख की आमच्या खोलीचं गुरुवारचं भजन ऐकायला तीन चाळी सोडून माणसं यायची. १९५४ च्या फेब्रुवारीत तो दुसऱ्या पाळीला होता आणि मी पहिल्या. एक दिवस संध्याकाळी पाच वाजता तारवाला आला. मी सही केली. तार बुधाजीच्या नावाची होती आणि इंग्रजीत. मी मराठी चौथी. खोलीत इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण तार वाचायची गरज आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आमच्याकडे तार यायची ती माणूस गेल्याचीच. आजारपणाला पत्र, लग्नाला पत्र, बारशाला तेही नाही. बुधाजीची बायको राधा महिनाभर अंथरुणाला खिळून होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तार हातात घेतली आणि मी म्हटलं, राधावहिनी गेली.

आता असं आहे की गेल्याची बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. सांगितली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि पुढे सुतकाचे दिवस, प्रवास. म्हणून आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. बुधाजी रात्री साडेबाराला आला. मी त्याचं ताट पुढे केलं. तो जेवला, त्या दिवशी खात्यात काय गंमत झाली तेही त्याने सांगितलं. मला वाटलं, आता ह्याला एवढी एक रात्र तरी झोपू दे. जन्माचं दुःख सकाळी सांगितलं म्हणून काय बिघडतं? मी तसं म्हटलं आणि मोठ्या माणसांनी माना डोलावल्या.

सकाळी नऊला तार त्याच्या हातात दिली. तो खाली दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेला. कंपाउंडरने वाचून सांगितलं, बायको अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. राधा जिवंत होती. तोवर भाऊच्या धक्क्यावरून सकाळची बोट सुटली होती. बुधाजी दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेला. तो मालवणला उतरला त्याच्या आदल्या संध्याकाळी राधा गेली.

एका बोटीचा फरक.

तो वर्षभर गावीच राहिला, मुलीला मार्गी लावली आणि परत आला तेव्हा नियमाप्रमाणे त्याची जागा दुसऱ्याच्या नावावर झाली होती. तो मुकाट्याने गॅलरीत झोपू लागला. मला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. आधी धीर झाला नाही म्हणून, आणि मग फार दिवस झाले म्हणून. मनाला न आवडणारी गोष्ट विसरायची माझी हातोटी मोठी आहे.

तर असा तो बुधाजी गुणाजीला उठवू लागला. रात्री साडेबाराला मिलमधून यायचा, झाकलेलं ताट जेवायचा, गॅलरीत जाऊन बसायचा आणि बरोबर साडेतीनला आत येऊन गुणाजीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून हलकेच म्हणायचा, ‘‘गुणाजी, जागो हो.’’ गुणाजी उठून गॅलरीत जायचा आणि बुधाजी त्याच्या उबदार वळकटीवर आडवा व्हायचा. पहिल्या पाळीची माणसं साडेसहाला बाहेर पडली की तशीही खोली रिकामी व्हायचीच. म्हणजे बुधाजीची कमाई तीन तासांच्या जमिनीची.

आमच्या मिलमध्ये पाळी महिन्याने बदलायची; शाळेमुळे गुणाजीला तेवढी कायमची पहिली मिळाली होती. बुधाजीने जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, भेटून स्वतःची दुसरी पाळी कायम करून घेतली. दुसऱ्या पाळीला माणसं कंटाळायची, कारण संध्याकाळ म्हणून उरतच नाही. बुधाजीची तर गुरुवारची भजनंही गेली. मृदंग खुंटीवर टांगला तो टांगलाच. आम्ही चकित झालो आणि मग मला कारण सुचलं. मी सगळ्यांना सांगितलं, ‘‘म्हातारो हुशार आसा. पहिली पाळी घेतल्यान तर गुणाजीचो जागो कसो मिळतलो?’’ खोली खदखदून हसली. तेव्हापासून बुधाजी आत आला की कोणीतरी पांघरुणातून पुटपुटायचा, ‘‘जागो झालो रे?’’ तो सरळ गुणाजीच्या खांद्याकडे वाकायचा. एकदा मी रात्री दोनला उठलो तर तो गॅलरीत भिंतीला टेकून टक्क जागा बसलेला दिसला. समोर मिलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ. अक्षर कळत नसलं तरी घड्याळ त्याला कळायचं. मी मनात म्हटलं, बघा, जागेसाठी काटे मोजतोय.

गुणाजीचा अभ्यास मात्र चाळीच्या अंगवळणी पडला. चारला नळ यायचा, बायका कळश्या घेऊन यायच्या आणि हा नळाशेजारी पाटावर बसून मोठ्याने नद्या पाठ करत असायचा. शेजारच्या खोलीत सुभद्राकाकी खानावळ चालवायची. तिची शेगडी त्याच वेळी पेटायची आणि भाकऱ्या थापता थापता तिच्याही नद्या पाठ झाल्या. गुणाजीने कृष्णेच्या उपनद्यांत एक गाळली की आतून आवाज यायचा, ‘‘आणि भीमा खय गेली?’’ एकदा तर बायकांनी त्याला इतिहासाच्या सनावळीवरून अडवलं आणि बरोबर त्याच निघाल्या. गुणाजी म्हणायचा, मी नापास झालो तरी हा मजला पास होईल.

इंग्रजीचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. शाळेत ऐकलेले शब्द सकाळपर्यंत उडून जायचे. मग त्याने एक युक्ती काढली. कापडातल्या चुकीवर खूण करायला विणकराजवळ खडू असतो. पहाटे पुस्तकातून काढलेले पाच शब्द तो सातला आल्याबरोबर साच्याच्या चौकटीवर खडूने लिहायचा आणि दिवसभर स्पेलिंगं ओरडत राहायचा. हो, ओरडत. साचेखात्यात शेकडो साच्यांचा एवढा धडधडाट की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचायला लागतं. तिथे हा दोन वर्षं घसा ताणून इंग्रजी बोलला आणि कोणालाही कळलं नाही. सुट्टी झाली की हाताने पुसून टाकायचा. त्याच्या उजव्या बाहीला कायम खडू लागलेला असायचा.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या खोलीतलं कोणी मोर्च्याला गेलं नाही असं झालं नाही. गुणाजीही यायचा, पण पुस्तक सदऱ्याच्या आत खोचून. आम्ही चिडवायचो, मुंबई मिळेपर्यंत तरी पुस्तक बाजूला ठेव. तो म्हणायचा, ‘‘राज्य मिळाल्यार अर्ज कोण लिवतलो?’’

छप्पनच्या जानेवारीत आमच्या भागात गोळ्या चालल्या आणि संचारबंदी लागली. मिल बंद, रस्ते बंद, खानावळीत तांदूळ संपत आलेला. गॅलरीत कोणी दिसला तर खालून पोलीस बंदूक रोखायचे, म्हणून वीसच्या वीस माणसं आत. बसायला जागा नाही तिथे झोपणार कुठे? गुडघे पोटाशी घेऊन आम्ही भिंतीला टेकून डुलक्या काढत होतो. त्यातही साडेतीनला बुधाजी दोन माणसं ओलांडून गुणाजीजवळ गेला. ‘‘जागो हो,’’ म्हणाला. मी डोळे किलकिले करून बघत होतो. गुणाजीने कंदील लावला. बाहेर उजेड दिसू नये म्हणून बुधाजीने घोंगडी दोघांच्या डोक्यावरून घेतली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली. दोन तास. त्या दिवशी गुणाजीच्या जागेवर दुसराच कोणी घोरत पडला होता. बुधाजीने त्याला हलवलंही नाही.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बघून मी काय केलं असेल? सकाळी खोलीला गोष्ट सांगितली की म्हाताऱ्याला सवयच लागली आहे, मिल बंद पडली तरी ह्याची पाळी चालू. पुन्हा सगळे हसले. हसण्यासारखे दिवस नव्हते, त्यामुळे जरा जास्तच हसले.

सत्तावनच्या मार्चमध्ये गुणाजी परीक्षेला बसला आणि त्यानंतरही पहाटे उठून इंग्रजी वाचत राहिला. जूनमध्ये निकाल पेपरात आला. खाली कंपाउंडरच्या दारात त्याने सगळे रकाने दोनदा बघितले, मग पेपराची नीट घडी करून तो परत दिला. नंबर नव्हता. मागाहून कळलं की बाकी सगळे विषय सुटले होते आणि इंग्रजीत सहा मार्क कमी पडले होते. साच्यावर ओरडून बोलणं वेगळं आणि कागदावर निबंध लिहिणं वेगळं.

 त्या रात्री तो जेवला, पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी घातली आणि दिवा बंद व्हायच्या आत झोपला. माझी जागा त्याच्या शेजारीच. मला का कोण जाणे, झोप आली नाही. साडेतीनला बुधाजी आला.

‘‘गुणाजी, जागो हो.’’

‘‘नको, बुधाजीभाऊ. संपला सगळा,’’ गुणाजी म्हणाला. तो जागाच होता. ‘‘माझ्यान होवचा नाय.’’

‘‘इंग्रजीच ऱ्हवलाहा मा?’’

‘‘तेच माका येवचा नाय.’’ गुणाजी उठून बसला आणि वळकटी त्याच्याकडे सरकवत म्हणाला, ‘‘तुमका जागो होयो ना? ह्यो घ्या. आजपासून तुम्हीच निजा हय. मी गॅलरीत पडतंय.’’

तो रागाने बोलला नव्हता, पण ‘जागो होयो ना’ हे माझे शब्द होते. दोन वर्षं मी ते खोलीभर फिरवले होते आणि आता ते त्याच्या तोंडून बाहेर पडत होते.  बुधाजी खाली बसला, वळकटीवर नव्हे, फरशीवर.

‘‘निजाक जागो माका गॅलरीत पण आसा,’’ तो म्हणाला. ‘‘माका तुझो जागो नको झिला. माका तू जागो होयो.’’

गुणाजीला कळलं नाही. मलाही नाही.

‘‘राधाची तार इली तेव्हा ह्या खोलयेत वीस माणसा होती,’’ बुधाजी हळू आवाजात सांगू लागला. ‘‘कागदार काय लिवलला ता वाचणारो एक नव्हतो. कागद रातभर ह्याच खोलयेत होतो आणि मी पोटभर जेवान निजलंय. ती थय वाट बघी होती. खोलयेत एक माणूस जरी जागो असतो, तर माका बोट गावली असती. तू इंग्रजी शिकतंय म्हणालंस, तेव्हा मी ठरवलंय, ह्येका निजाक देवचा नाय.’’

‘‘जयवंतान...’’ गुणाजी म्हणाला. जयवंत म्हणजे मी. त्याला ती हकिकत ठाऊक होती.

‘‘जयवंतान काय मुद्दाम केल्यान नाय. तेका येत नव्हता. माकाय येत नव्हता. तेच्यार राग धरून राधा येतली काय?’’

मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. श्वासाचा आवाजही होऊ नये म्हणून पांघरूण तोंडात धरलं होतं. तो पहाटे दोनला घड्याळाकडे बघत बसायचा तो का, ते मला त्या क्षणी कळलं. झोपलो आणि वेळ चुकली तर, ही त्याची भीती होती. एकदा झोपून त्याने काय घालवलं होतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि मी त्यावर विनोद करत होतो. लाज म्हणजे काय हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

थोड्या वेळाने ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मग गॅलरीच्या टोकाला सुभद्राकाकीचा आवाज ऐकू आला, ‘‘आज उशीर केलंस रे?’’ बुधाजी गुणाजीच्या जागेवर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. सकाळी मी काहीतरी बोलेन असं मला वाटलं होतं. मी त्याला फक्त पाण्याचा तांब्या भरून दिला. त्या दिवसापासून खोलीत ‘जागो झालो रे’ म्हणून कोणी पुटपुटलं तर मी त्याला गप्प करत असे, एवढंच माझ्याने झालं.

ऑक्टोबरच्या परीक्षेत गुणाजीचं इंग्रजी सुटलं. पेपरात नंबर बघून तो धावत वर आला तर बुधाजी दुसऱ्या पाळीला गेलेला. गुणाजी मिलच्या फाटकावर रात्री बारापर्यंत उभा राहिला. दोघे बरोबर परत आले. काय बोलले असतील कोण जाणे, पण बुधाजीच्या उजव्या खांद्यावर खडूचा पांढरा ठसा होता. परीक्षा संपल्यावरही हा खडू घेऊन हिंडत होता की काय!

वर्षभरात गुणाजी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून झाला. बुधाजीने पुन्हा बदलती पाळी घेतली, मृदंगाच्या कातड्यावर नवी शाई भरून आणली आणि एकजण कायमचा गावी गेल्यावर त्याला त्याची जागाही मिळाली. गुणाजी खोलीतच राहिला. चाळीत कोणाला इंग्रजी कागद आला की पहिल्यांदा त्याच्याकडे यायचा. औषधाची बाटली, कोर्टाची नोटीस, काहीही.

साठ सालचा एप्रिल. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार म्हणून लालबाग नुसतं उधाणलं होतं. आमच्या खोलीचं भजन त्या रात्री चौकात होणार होतं. पंचवीस एप्रिलला संध्याकाळी आम्ही गॅलरीत कागदी पताका चिकटवत होतो, आत बुधाजी मृदंगावर हात साफ करत होता. तारवाला जिना चढून आला आणि त्याने माझं नाव घेतलं.

मृदंग थांबला. मी सही केली. पाकीट हातात घेतलं तेव्हा माझे हात खळीने चिकट झाले होते. गावी माझी आई एकटी. तिच्या छातीत दुखत असल्याचं पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं.  सुभद्राकाकी पदर सावरत आत गेली आणि माझं ताट वाढून घेऊन आली. संध्याकाळी सहा वाजता. ‘‘आधी जेव रे बाबा,’’ ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

ताट समोर आलं. त्या ताटाचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. तेच ताट मी एकदा बुधाजीसमोर ठेवलं होतं आणि त्याने ते काही न कळता जेवून संपवलं होतं.

बुधाजी उठला. माझ्या हातातून पाकीट घेतलं, ताट पायाने बाजूला सारलं आणि तार गुणाजीकडे दिली. ‘‘वाच,’’ तो म्हणाला. ‘‘पयला वाच.’’

गुणाजीने पाकीट फाडलं, आधी इंग्रजीत वाचलं आणि मग माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द सांगितला. ‘‘मदर म्हणजे आवस. सिरियस म्हणजे लय आजारी. स्टार्ट म्हणजे निघ. जयवंता, आवस जिवंत आसा. सकाळची बोट धर.’’

मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. कोणीतरी बांधाबांध केली, कोणीतरी तिकिटाला हातभार लावला. धक्क्यावर तिकिटाची रांग पहाटेपासून लागायची, म्हणून चारला निघायचं ठरलं. मला झोप येणार नाही असं वाटलं होतं, पण रडून थकलेला माणूस झोपतो. जाग आली ती खांद्यावर दोन बोटं टेकली तेव्हा.

‘‘जयवंता, जागो हो.’’

धक्क्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला, ट्रंक त्याच्याच डोक्यावर. रांगेत उभं राहिल्यावर मी म्हणालो, ‘‘बुधाजीभाऊ, त्या तारेच्या दिवशी मी...’’ पुढचं वाक्य मी सहा वर्षं जमवत होतो, तरी ते आलं नाही. तो म्हणाला, ‘‘तेव्हा तू जागो नव्हतंस. मीय नव्हतंय. आता रांगेत फुडे सर.’’

आई पुढे चार दिवस होती. एक मेच्या रात्री लालबागला दिवे लागले, चौकात भजन झालं म्हणतात, ते मी बघितलं नाही. मी घरी पोचलो तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. मी लहानपणापासून झोपाळू, मला उठवता उठवता तिचा अर्धा जन्म गेला होता. मला दारात बघून तिला पहिलं आश्चर्य त्याचंच वाटलं. ‘‘सकाळची बोट तुका कशी गावली?’’ तिने विचारलं. ‘‘जागो कोणी केल्यान तुका?’’

‘‘बुधाजीन,’’ मी म्हणालो.

‘‘राधाचो घोव,’’ ती म्हणाली. राधाच्या शेवटच्या दिवशी आई तिच्या उशाशी होती. ‘‘ती मेली तोपर्यंत दाराकडे बघी होती. तो बोटीर का चढाक नाय, ता काय कळला नाय कोणाक.’’

मी तिचा हात धरला आणि तिला सांगितलं.